वायरिंगच्या दोषामुळे गाडी परत बोलावली असेल तर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्पादक कंपनीचे पत्र आले आहे. इंजिनजवळून जाणारा वायरिंग हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, घासून शॉर्ट होऊ शकतो आणि त्यातून आग लागण्याची शक्यता आहे, तरी गाडी अधिकृत सेवा केंद्रात आणावी, असे त्यात म्हटले आहे. गाडी मात्र कित्येक वर्षे विनातक्रार चालते आहे. चौकशी केल्यावर कळले की सेवा केंद्रात फक्त एक संरक्षक स्लीव्ह चढवणार आणि एक क्लिप बदलणार. एवढ्यासाठी गाडी नेणे खरोखर गरजेचे आहे का, आणि हेच काम नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतले तर काय बिघडेल?

गाडी न्यावी, लवकरात लवकर न्यावी, आणि हे काम बाहेर करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट उत्तर आहे. वाहनांच्या विद्युत यंत्रणेची दुरुस्ती आणि तपासणी हेच माझे रोजचे काम असल्यामुळे त्यामागची कारणेही सविस्तर सांगतो. ‘गाडी नीट चालते आहे, म्हणजे ती ठीकच असणार’ हा समज या प्रश्नाच्या मुळाशी आहे. यांत्रिक भागांच्या बाबतीत तो पुष्कळदा खरा ठरतो. बेअरिंग जाण्याआधी आवाज करू लागते, ब्रेकचे लायनिंग संपत आले की घासल्याचा आवाज येतो, क्लच घसरू लागला की चालवणाऱ्याच्या पायाला ते जाणवते. तारेचे तसे नसते. तारेवरचे आवरण बहुतांश झिजले तरी आतल्या तांब्यातून जाणारा प्रवाह तसूभरही कमी होत नाही. दिवे तितकेच लागतात, इंजिन तसेच सुरू होते. शेवटचा पापुद्रा फाटून तांबे धातूला टेकेपर्यंत गाडी पहिल्या दिवसासारखीच चालते, आणि टेकल्यानंतर सावध होण्यासाठी हाताशी काही सेकंदच उरतात. म्हणून वायरिंगच्या दोषाबाबत ‘पाच वर्षांत काही झाले नाही’ हा दिलासा मानता येत नाही. झीज काळाबरोबर वाढतच जात असल्यामुळे त्या पाच वर्षांनी धोका उलट जवळ आणलेला असतो.

ही झीज कशी होते ते पाहण्यासारखे आहे. आजच्या मोठ्या मोटारीत तारांची एकूण लांबी काही किलोमीटर भरते. या तारा जुड्या करून, टेपने गुंडाळून किंवा प्लॅस्टिकच्या नालीदार नळीत घालून, ठरावीक अंतरावर क्लिपांनी बॉडीला अडकवलेल्या असतात. एखादी क्लिप कारखान्यात नीट बसली नाही, किंवा आराखड्यातच दोन क्लिपांमधले अंतर जास्त राहिले, तर जुडीला झोळ पडतो आणि ती कंसाच्या किंवा पत्र्याच्या कडेला टेकते. इंजिनाच्या कंपनांनी ती तिथे सतत घासत राहते. असा हार्नेस सोडवून पाहिला तर आधी बाहेरच्या नळीवर नखाएवढा चकचकीत चट्टा दिसतो. मग त्या जागी आरपार चीर पडते, चिरेतून टेपचे धागे सुटलेले दिसतात, आणि आतल्या एखाद्या तारेच्या रंगीत आवरणावर तिरका कापल्यासारखा व्रण असतो. समोरच्या पत्र्याच्या कडेवरचा रंगही तेवढ्याच रुंदीत उडालेला असतो. साचलेल्या धुळीमुळे ही घासण आणखी वाढते. टोयोटाने सप्टेंबर २०१८ मध्ये जगभरातून सुमारे १० लाख ३० हजार हायब्रिड गाड्या परत बोलावल्या, त्यामागे हेच कारण होते. पॉवर कंट्रोल युनिटला, म्हणजे मोटरचा वीजपुरवठा सांभाळणाऱ्या भागाला, जोडलेल्या हार्नेसचा एक भाग, कनेक्टरवरच्या आच्छादनाशी धूळ साचून, कंपनांमुळे झिजू शकत होता आणि शॉर्ट झाल्यास आग लागू शकत होती. ज्या गाडीत तांबे उघडे पडले असेल तिथे संरक्षक स्लीव्ह असलेला नवा हार्नेस, आणि जिथे पडले नसेल तिथे संरक्षक टेप, असा त्यावर उपाय होता. प्रश्नातल्या स्लीव्हशी याचे साम्य लक्षात घ्यावे.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘पण फ्यूज असतोच की!’ फ्यूज असतो आणि पुष्कळदा वाचवतोही, पण त्याच्या मर्यादा वाहनमालकांना सहसा कोणी सांगत नाही. एक तर गाडीतली प्रत्येक तार लहान फ्यूजच्या मागे नसते. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणारी जाड केबल कित्येक गाड्यांत फ्यूजविनाच असते, आणि साधी १२ व्होल्टची बॅटरीही शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. दुसरे असे की फ्यूज लगेच उडतो ही कल्पना सरसकट खरी नाही. गाडीतल्या नेहमीच्या पात्याच्या फ्यूजमधून त्याच्या क्षमतेच्या १३५ टक्के प्रवाह गेला तर तो उडायला १० मिनिटांपर्यंतचा वेळ लागू शकतो, आणि प्रमाणित मर्यादेतच ते बसते. तार अधूनमधून टेकून सुटत असेल, दर टेकण्याला ठिणगी पडत असेल, तर फ्यूज तापायच्या आतच प्रवाह तुटतो. फ्यूज शाबूत राहतो आणि आवरण मात्र करपत जाते.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती शॉर्टची नाही. टर्मिनल ढिले असेल, क्रिम्प, म्हणजे तारेवर दाबून बसवलेला टर्मिनलचा भाग, नीट दाबला गेला नसेल किंवा संपर्काच्या जागी गंज चढला असेल, तर त्या सांध्याचा रोध वाढतो. समजा २० अँपिअर प्रवाह जाणाऱ्या सांध्यात केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला. तिथे निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते, म्हणजे २० गुणिले २० गुणिले ०.१, अर्थात ४० वॅट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत वापरतात त्या सोल्डरिंग आयर्नची शक्ती साधारण इतकीच असते, आणि इथे ती प्लॅस्टिकच्या कनेक्टरच्या आत, हवा न लागणाऱ्या जागी साठत राहते. फ्यूजला यातले काहीच कळत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. उलट किंचित कमीच झालेला असतो. कनेक्टर पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग वितळतो. पंख्याचे, हेडलाइटचे आणि मागच्या काचेच्या हीटरचे कनेक्टर मी अशाच अवस्थेत सर्वाधिक पाहतो, आणि त्यांच्या मालकांची ‘फ्यूज तर एकदाही उडाला नाही’ ही ग्वाही शंभर टक्के खरी असते.

गाडी बंद करून ठेवली की धोका संपला, हाही असाच एक गैरसमज आहे. फोर्डच्या क्रूझ कंट्रोलच्या, म्हणजे गाडीचा वेग आपोआप कायम ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, स्विचचे प्रकरण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. ब्रेक दाबताच क्रूझ कंट्रोल बंद व्हावे म्हणून हा स्विच ब्रेकच्या मास्टर सिलिंडरजवळ बसवलेला होता. त्याच्या एका बाजूला ब्रेक ऑइलचा दाब आणि दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क अशी रचना होती, आणि दोहोंमध्ये होता तो एक पातळ पडदा. ब्रेक दाबण्या-सोडण्याच्या आवर्तनांनी पडद्याला चिरा पडत, ऑइल विजेच्या बाजूला झिरपे, संपर्क गंजत आणि तिथे उष्णता निर्माण होई. स्विचला चावी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा चालू असे, त्यामुळे रात्रभर उभ्या असलेल्या गाड्याही पेटल्या. १९९९ पासून २००९ पर्यंत टप्प्याटप्प्याने अमेरिकेत सुमारे १ कोटी ४० लाख वाहने या एका कारणासाठी परत बोलवावी लागली. एवढ्या मोठ्या प्रकरणात गाड्यांना बसवलेला मुख्य उपाय म्हणजे मधोमध फ्यूज असलेला तारेचा एक छोटा जोड होता.

उपाय क्षुल्लक दिसतो म्हणून दोषही क्षुल्लक असावा, हा निष्कर्ष अशा प्रकरणांमुळे खोटा पडतो. आग लागण्यासाठी पुरवठा, बिघडलेली जागा, परतीची वाट आणि पेट घेणारे काहीतरी, अशी एक साखळी पूर्ण व्हावी लागते. तिचा एक दुवा खात्रीने तोडला तरी पुरते, आणि जो दुवा सर्वांत कमी उलथापालथ करून तोडता येतो तोच निवडणे शहाणपणाचे असते. पूर्ण हार्नेस बदलायचा तर डॅशबोर्ड उतरवावा लागतो, शेकडो जोड सोडून परत लावावे लागतात, आणि त्यात नवे दोष शिरण्याची शक्यता बरीच असते. म्हणून स्लीव्ह, क्लिप, वंगण किंवा फ्यूज यांना मी कमी लेखत नाही. टोयोटाने २०१२ मध्ये पॉवर विंडोच्या मुख्य स्विचसाठी जगभरातून ७४ लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या, तेव्हा उपाय होता स्विचच्या आत विशेष ग्रीस लावण्याचा. ग्रीस असमान लागल्यामुळे स्विच अडखळे, आणि अडखळतो म्हणून कोणी बाजारातले वंगण फवारले तर तो वितळण्याचा धोका वाढे. घरगुती उपायाने दोष अधिक घातक होण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. काही उपाय दोषाचे मूळ काढत नाहीत, केवळ त्याचा परिणाम अडवतात. ह्युंदाई आणि किया यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३४ लाख वाहने बोलावली. त्यांच्या ब्रेकच्या नियंत्रण मॉड्यूलमध्ये ऑइल गळून शॉर्ट होण्याची शक्यता होती आणि उपाय फ्यूज बदलण्याचा होता. अशा उपायाने प्रवाह मर्यादित होतो, आगीचा धोका निश्चितच कमी होतो. पण मॉड्यूल तेच राहते. अशा वेळी मालकाने सेवा केंद्राला थेट विचारावे की मूळ भाग पुढे बिघडला तर त्याची जबाबदारी कोणाची, आणि कोणता इशारा-दिवा लागला तर गाडी परत आणायची. हा प्रश्न विचारण्याचा मालकाला पूर्ण हक्क आहे, आणि उत्तर लेखी मागावे.

वायरिंगच्या दोषाचा धोका आगीपुरताच नसतो, हेही इथेच सांगतो. बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत बॅटरीची धन केबल आणि फ्यूज बॉक्स यांमधला जोड कालांतराने खराब होऊन सगळा विद्युत पुरवठाच तुटू शकत होता. २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेत अशा साडेपाच लाखांहून अधिक गाड्या बोलावल्या गेल्या, आणि ब्रिटनमध्ये २०१८ साली पुरवठा तुटण्याच्या दोषासाठी तिथे परत बोलावलेल्या गाड्यांची संख्या वाढवून ३ लाखांच्या वर नेली गेली. भर वेगात इंजिन बंद पडते आणि मागून येणाऱ्याला सावध करणारे दिवेही लागत नाहीत, अशी ती परिस्थिती असते. टेस्लाने डिसेंबर २०२१ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक मॉडेल ३ गाड्या बोलावल्या, कारण डिकीचे झाकण उघडण्या-मिटण्याने मागच्या कॅमेऱ्याची केबल झिजत होती. दरवाजा, डिकी आणि स्टिअरिंग या तीन हलत्या ठिकाणच्या तारा रोज वाकतात, म्हणून त्या इतर तारांच्या आधी तुटतात. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली एअरबॅगची पट्टी तुटली तर गाडी अगदी व्यवस्थित चालते, फक्त एअरबॅगचा दिवा लागून राहतो आणि अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नाही. तो दिवा ‘सेन्सरचा असेल’ म्हणून सोडून देणे मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते.

आता नेहमीच्या इलेक्ट्रिशियनचा मुद्दा. त्याच्या कौशल्याविषयी माझी शंका नाही. अनेक गल्लीबोळांतल्या कारागिरांचा हात सेवा केंद्रातल्या माणसापेक्षा स्वच्छ असतो. अडचण निराळी आहे. रिकॉलच्या, म्हणजे गाडी परत बोलावून करायच्या, कामाची सूचना-पुस्तिका, हार्नेसची नेमकी वाट, कोणत्या मोजमापाची स्लीव्ह कुठून कुठपर्यंत, कोणत्या अवस्थेत टेप पुरे आणि कोणत्या अवस्थेत हार्नेस बदलायचा, ही माहिती उत्पादकाकडून अधिकृत केंद्रालाच मिळते. शिवाय काम झाल्याची नोंद वाहनाच्या ओळख क्रमांकावर, म्हणजे चासीवर कोरलेल्या १७ अक्षरी क्रमांकावर, केंद्रातूनच होते. बाहेर कितीही चांगले काम केले तरी उत्पादकाच्या दफ्तरी रिकॉल प्रलंबितच राहतो, आणि पुढे दुर्दैवाने काही घडले तर हार्नेसला परक्याचा हात लागला होता एवढ्यावरच वाद सुरू होतो. अधिकृत केंद्रात हे काम विनामूल्य होते, त्यामुळे बाहेर जाण्याचे आर्थिक कारणही उरत नाही.

याच संदर्भात एक विनंती. गाडीत नंतर बसवलेले हॉर्न, जादा दिवे, संगीत यंत्रणा, अलार्म किंवा ट्रॅकर असेल आणि त्यासाठी मूळ तार सोलून जोड दिलेला असेल, तर गाडी देतानाच ते सांगावे. लपवून काही साधत नाही, कारण हार्नेस सोडवताच ते दिसते. सांगितले तर तंत्रज्ञ त्या जोडापाशी थांबून पाहतो. वळवून टेप गुंडाळलेला जोड कालांतराने सैल होतो, टेपचा गोंद उष्णतेने सुटतो, आणि उत्पादकाने बसवलेली नवी स्लीव्ह त्या एका जागी निरुपयोगी ठरते.

पत्र वाचताना चार गोष्टी शोधाव्यात: कोणता भाग सदोष आहे, त्यातून काय होऊ शकते, उपाय उपलब्ध आहे की नंतर कळवणार आहेत, आणि तोपर्यंत गाडी कशी वापरायची व कुठे उभी करायची. शेवटच्या मुद्द्याकडे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात. गाडी उघड्यावर आणि इमारतीपासून दूर उभी करा, असे लिहिले असेल तर ते अक्षरशः पाळावे. याचा अर्थ गाडी बंद असतानाही पेटू शकते असे उत्पादकाला वाटते, आणि ही कबुली कोणीही हौसेने देत नाही. सुटे भाग येईपर्यंत बॅटरीचे ऋण टर्मिनल काढून ठेवावे का, असे बरेच जण विचारतात. साध्या इंधनाच्या गाडीत, ती काही दिवस उभीच राहणार असेल, तर त्याने बॅटरीवर चालणारी सर्व सर्किटे तुटतात आणि उपाय परिणामकारक आहे. पण आधी सेवा केंद्राला विचारावे, कारण काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर कुलपे, स्टिअरिंग किंवा खिडक्यांची मांडणी पुन्हा करावी लागते. विजेवरच्या किंवा हायब्रिड गाडीत मात्र १२ व्होल्टची बॅटरी काढल्याने मोठ्या बॅटरीतली ऊर्जा नाहीशी होत नाही, आणि नारिंगी आवरणाच्या तारांना मालकाने कधीही हात लावू नये.

पत्रात दिलेल्या यादीत आपली गाडी आहे, म्हणजे ती सदोष आहेच असे नाही. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या इग्निशन स्विचसाठी, म्हणजे चावीच्या स्विचसाठी, बोलावल्या. त्या प्रकरणात स्विचची रचना मध्येच सुधारली गेली होती, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला होता, त्यामुळे कोणत्या गाडीत जुना आणि कोणत्या गाडीत नवा स्विच आहे हे नोंदींवरून ओळखता येईना. अशा वेळी अख्खी तुकडी बोलवावी लागते. तपासणीअंती ‘तुमच्या गाडीत दोष नाही’ असे निघाले, तर तो वेळ वाया गेला असे मानू नये.

काम झाल्यावर कार्यपत्रकावर रिकॉलचा क्रमांक, केलेले काम आणि बदललेला भाग यांची नोंद आहे का ते पाहावे, आणि शक्य असेल तर ती जागा दाखवायला सांगावी. हार्नेस प्रत्येक क्लिपमध्ये बसलेला असावा, पत्र्यातून जिथे जातो तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवरचे संरक्षक कडे, पूर्ण बसलेले असावे, आणि हाताने हलवल्यावर जुडी कोणत्याही कडेला टेकू नये. कनेक्टरमध्ये हात घातला गेला असेल तर विद्युत तपासणी भार देऊन केली का, हे विचारावे. हा मुद्दा कारागिरांसाठीही लिहितो आहे. मीटरने केवळ सातत्य, म्हणजे तार अखंड आहे की नाही एवढेच, तपासणे फसवे असते. वीस धाग्यांच्या तारेत एकच धागा शिल्लक असला तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो. तीच तार हेडलाइट किंवा पंखा चालू करून तपासली, आणि दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक मोजला, की सत्य लगेच बाहेर येते. अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या ऋण तारेच्या, जोडावर भार असताना ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर तो जोड सोडवून साफ केल्याशिवाय गाडी देऊ नये.

ज्यांना पत्र आलेले नाही, पण गाडीत प्लॅस्टिक करपल्याचा वास येतो, एकच फ्यूज वारंवार उडतो, खड्ड्यातून जाताना दिवे लुकलुकतात किंवा रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी उतरते, त्यांनी वाट पाहू नये. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठ्या क्षमतेचा फ्यूज कधीही घालू नये. तसे केले की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळते. जळलेला कनेक्टर बदलला तर जुना फेकून न देता पिशवीत तारीख घालून ठेवावा, त्याची छायाचित्रे काढावीत, आणि उत्पादकाबरोबरच सरकारी यंत्रणेकडेही लेखी तक्रार करावी. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून ही व्यवस्था आहे, आणि सुरक्षेशी संबंधित दोष निश्चित झाल्यावर उत्पादकाला पाच कामकाजाच्या दिवसांत तो महामार्ग सुरक्षा प्रशासनाला कळवावा लागतो. भारतात उद्योगाची ऐच्छिक संहिता २०१२ मध्ये आली, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सरकारला वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. या सर्व व्यवस्था मालकांच्या तक्रारींवर चालतात. एका ठिकाणी वितळलेला कनेक्टर अपघाती वाटतो. त्याच मॉडेलच्या, त्याच जागच्या, त्याच वयाच्या दहा तक्रारी एकत्र आल्या की तो आराखड्यातला दोष आहे हे उघड होते.

जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी पत्राची वाटच पाहू नये. पत्र उत्पादकाच्या नोंदीतल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, आणि तो पत्ता पुष्कळदा पहिल्या मालकाचा असतो. व्यवहार पूर्ण करण्याआधीच ओळख क्रमांक घेऊन उत्पादकाच्या संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात प्रलंबित रिकॉल तपासावेत, आणि गाडी नावावर झाल्यावर आपला पत्ता व दूरध्वनी तिथे नोंदवावा. रिकॉल प्रलंबित निघाला तर दुसरा मालक म्हणून कोणी काम नाकारू शकत नाही, कारण ही जबाबदारी वाहनाशी जोडलेली असते, पहिल्या खरेदीदाराशी नव्हे.